चाहत्यांच्या संमेलनातील सूत्रसंचालक : नाव कसे मिळते, कसे जाते

विज्ञानकथा, अद्भुतकथा, चित्रकथा किंवा जपानी ॲनिमेशनपट यांचे चाहते वर्षातून एकदा तीन-चार दिवसांसाठी एखाद्या शहरात एकत्र जमतात. या मेळाव्याला इंग्रजीत कन्व्हेन्शन आणि चाहत्यांच्या बोलीत नुसते ‘कॉन’ म्हटले जाते. वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणाऱ्या छायाचित्रांत चित्रविचित्र वेशभूषा केलेले तरुण-तरुणीच प्रामुख्याने दिसतात आणि त्यामुळे वेशभूषा हेच या मेळाव्यांचे मुख्य अंग असावे, असा समज होतो. मात्र सकाळपासून रात्री उशिरापर्यंत लहान-मोठ्या दालनांतून एकाच वेळी चालणारी चर्चासत्रे हा अशा अनेक मेळाव्यांचा, विशेषतः विज्ञानकथेच्या संमेलनांचा, खरा गाभा असतो. टेबलामागे चार-पाच वक्ते, समोर कधी तीस तर कधी तीनशे श्रोते आणि जेमतेम तासाभराचा अवधी, असे या सत्रांचे साधारण स्वरूप असते. तो तास सत्कारणी लागला की वाया गेला, हे बहुतेक वेळा वक्त्यांच्या रांगेत बसलेल्या एका व्यक्तीवर अवलंबून असते. ती व्यक्ती म्हणजे सूत्रसंचालक.

या कामाचे मानधन सहसा मिळत नाही. बहुतेकांना प्रवासाचा आणि निवासाचा खर्चही स्वतःच सोसावा लागतो. असे असूनही ‘हा विषय अमुक यांच्याकडेच सोपवा’ असे आयोजक ज्यांच्याविषयी आपसांत म्हणतात, अशी काही माणसे प्रत्येक संमेलनात असतात. त्याचप्रमाणे ज्यांचे नाव निघताच समितीच्या बैठकीत क्षणभर शांतता पसरते, अशीही असतात. हा लौकिक आणि हा दुर्लौकिक नेमका कशातून तयार होतो, याचा शोध घेण्यासारखा आहे.

या परंपरेचा उगम विज्ञानकथेच्या चाहत्यांत आहे. न्यूयॉर्क येथे २ ते ४ जुलै १९३९ या काळात पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन, अर्थात ‘वर्ल्डकॉन’, भरले. सुमारे दोनशे जण त्यास उपस्थित होते. आयोजकांशी मतभेद असलेल्या सहा तरुण चाहत्यांना त्या वेळी दारातच अडवण्यात आले. त्यांतील फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम हे पुढे या क्षेत्रातील नामवंत लेखक-संपादक झाले. आत कोणी यायचे आणि व्यासपीठावर कोणी बोलायचे, हा वाद या संमेलनांइतकाच जुना आहे, एवढे यावरून दिसते. दुसऱ्या महायुद्धातील १९४२ ते १९४५ ही वर्षे वगळता वर्ल्डकॉनची परंपरा अखंड चालत आली आहे. दरवर्षी शहर बदलते आणि त्यासोबत आयोजक समितीही बदलते.

समिती जर दरवर्षी नवी, तर एखाद्या सूत्रसंचालकाचे नाव टिकते कसे, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर स्वयंसेवकांत आहे. समितीचे नाव नवे असले तरी कार्यक्रम आखणारी, दालनांवर देखरेख ठेवणारी, वक्त्यांची विचारपूस करणारी माणसे बऱ्याच अंशी तीच असतात आणि ती स्वतःच्या खर्चाने एका शहरातून दुसऱ्या शहरात जात असतात. कोणी वेळ पाळली, कोणी ऐनवेळी दांडी मारली, कोणी सहवक्त्याला बोलू दिले नाही, हे त्यांच्या स्मरणात राहते. अशा तोंडी नोंदवहीचा प्रभाव छापील परिचयपत्रापेक्षा अधिक असतो.

सॅन डिएगो येथील कॉमिक-कॉनची गोष्ट काहीशी वेगळी. तेथील पहिले तीन दिवसांचे संमेलन ऑगस्ट १९७० मध्ये झाले, तेव्हा सुमारे तीनशे लोक आले होते. आज तेथे एक लाख तीस हजारांच्या आसपास गर्दी होते. ‘हॉल एच’ या सर्वांत मोठ्या दालनात सुमारे साडेसहा हजार आसने आहेत आणि तेथे मोठ्या चित्रपटसंस्थांच्या घोषणा होतात. तेथे सूत्रे हाती असतात ती बहुधा दूरचित्रवाणीवरील एखाद्या परिचित चेहऱ्याच्या. प्रस्तुत लेखाचा विषय ती मंडळी नव्हेत. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, शे-दोनशे खुर्च्यांच्या खोलीत एखाद्या जुन्या चित्रकथेवर मनापासून बोलणाऱ्या चाहत्यांना एका सूत्रात बांधणारा जो कोणी असतो, त्याच्याविषयी हे लिहिले आहे.

मराठी वाचकाला चर्चासत्र म्हटले की साहित्य संमेलनातील परिसंवाद आठवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास जे गेले असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र ताजे असेल. आपल्या परिसंवादात प्रत्येक वक्ता सहसा उठून तयार भाषण करतो, शेवटी परिसंवादाचे अध्यक्ष समारोप करतात आणि सूत्रसंचालक दोन भाषणांच्या मध्ये एखादी चारोळी पेरतो. चाहत्यांच्या संमेलनात भाषण हा प्रकार जवळजवळ नाही. सर्वांनी बसून एकमेकांशी बोलायचे आणि श्रोत्यांनी ते ऐकायचे, अशी तेथील रीत आहे. त्यामुळे सूत्रसंचालकाच्या वाणीच्या वैभवाला तेथे फारसा वाव नाही. त्याने किती कमी बोलून इतरांकडून किती काढून घेतले, यावर त्याची पारख होते. सभा गाजवण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जाते.

ॲनिमेच्या चाहत्यांच्या संमेलनांत मात्र वेगळी प्रथा आढळते. तेथे विषय सुचवणारा आणि तो मांडणारा बऱ्याचदा एकच असतो. अनेक महिने आधी अर्ज करून, विषयाची रूपरेषा देऊन तो वेळ मिळवतो आणि पडद्यावर चित्रे दाखवीत एकटाच तासभर बोलतो. मोबदला म्हणून अनेक ठिकाणी त्याला प्रवेशशुल्क माफ केले जाते. अशा सूत्रसंचालकाचे नाव प्रथम तांत्रिक बाबींवर तरते किंवा बुडते. संगणक प्रक्षेपकाला जोडण्याची योग्य वायर जवळ आहे काय, दाखवायच्या दृश्यफिती इंटरनेटवर विसंबून न ठेवता संगणकात उतरवून घेतल्या आहेत काय, या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण पन्नास मिनिटांतील पंधरा मिनिटे वायर शोधण्यात गेलेली सत्रे श्रोते विसरत नाहीत.

चांगल्या सूत्रसंचालकाचे काम संमेलनाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू होते. आपल्या सत्रातील वक्त्यांना तो पत्र पाठवतो. एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीवाचून सर्वांना दिसू न देण्याचे भान त्याला असते. पत्रात तीन-चार प्रश्नांची दिशा असते; पूर्ण प्रश्नावली नसते, कारण घोटून आणलेली उत्तरे निर्जीव होतात. तुमच्या नावाचा उच्चार कसा करायचा, तुमची ओळख कशी करून द्यावी, कोणता विषय टाळावा असे तुम्हाला वाटते, हे तो विचारतो. पाचही वक्त्यांचे निदान एकेक पुस्तक वा कथा तो वाचून ठेवतो. हे शेवटचे काम सर्वांत कष्टाचे आणि म्हणून सर्वाधिक वेळा टाळले जाणारे. ज्याने वाचले आहे त्याचा पहिला प्रश्नच वेगळा असतो आणि वक्त्याच्या चेहऱ्यावरून ते श्रोत्यांनाही कळते.

प्रश्नांचीही एक जात असते. ‘तुम्हाला प्रेरणा कोठून मिळते’ या प्रश्नाने चर्चा थांबते, कारण प्रत्येक वक्ता आपापले उत्तर देतो आणि गप्प बसतो. ‘तुमच्या कादंबरीतील यंत्रमानव मालकाची आज्ञा मोडतो आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या कादंबरीतील मोडत नाही, कोणाचा यंत्रमानव अधिक माणूस आहे’ असे विचारले, की दोन वक्ते एकमेकांकडे वळतात. तेथून पुढची दहा मिनिटे सूत्रसंचालकाने तोंड मिटून बसले तरी चालते.

नावांच्या उच्चाराचा उल्लेख वर आला आहे. त्यासंबंधी एक प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. न्यूझीलंडमध्ये २०२० साली व्हावयाचे वर्ल्डकॉन करोनाच्या साथीमुळे ऑनलाइन झाले. त्यातील ह्युगो पुरस्कारांचा सोहळा १ ऑगस्ट २०२० रोजी पार पडला आणि त्याचे सूत्रसंचालन जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी केले. मार्टिन हे जगद्विख्यात कादंबरीकार असून अनेक दशके या संमेलनांना हजेरी लावणारे जुने चाहते आहेत. सोहळा तीन तासांहून अधिक लांबला. जुन्या काळच्या संपादकांच्या आठवणींना त्यात मोठी जागा मिळाली आणि नामांकन मिळालेल्या काही नव्या लेखकांची नावे चुकीच्या पद्धतीने उच्चारली गेली. त्यावर तीव्र टीका झाली. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता, असे सांगून मार्टिन यांनी चुकीच्या उच्चारांबद्दल क्षमा मागितली. सोहळ्याचा काही भाग आधी मुद्रित केलेला होता आणि घरी बसून कॅमेऱ्यासमोर बोलण्याची अडचणही होतीच, हे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. तथापि, आयुष्यात कदाचित एकदाच या यादीत आलेल्या लेखकाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या रात्री त्याच्या वाट्याला आलेल्या मोजक्या क्षणांत त्याचे नावही धडपणे घेतले गेले नव्हते.

वृत्तानुवादाचे काम करणाऱ्यांना हे दुःख जवळून माहीत असते. परदेशी नाव रोमन अक्षरांत समोर येते, बातमी वाचली जाण्यास थोडकाच वेळ उरलेला असतो आणि देवनागरीत ते एकदा चुकीचे उतरले की पुढे अनेक वर्षे तसेच चालत राहते. नाव ज्याचे आहे त्यालाच विचारणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. सूत्रसंचालकाला तो सहज उपलब्ध असतो. भारतीय नावे घेताना अडखळणाऱ्या परदेशी सूत्रसंचालकांना आपण हसतो. पण नायजेरियातील किंवा हंगेरीतील एखाद्या लेखकाचे नाव घेताना आपलीही तीच गत होते.

आता प्रत्यक्ष सत्राकडे वळू. कार्यक्रमपत्रिकेत तास लिहिलेला असला तरी हाती येतात ती पन्नास मिनिटे, कारण पुढच्या सत्रासाठी दालन रिकामे करावे लागते. वक्त्यांनी स्वतःची ओळख स्वतः करून द्यावी असे सांगितले, तर पहिली बारा-पंधरा मिनिटे त्यातच संपतात. एकेकाने आपल्या सर्व पुस्तकांची नावे घेतली, की पुढच्यालाही ती घ्यावीशी वाटतात. म्हणून अनुभवी सूत्रसंचालक प्रत्येकाची ओळख दोन वाक्यांत स्वतःच करून देतो आणि लगेच विषयाला हात घालतो.

त्यानंतर माइकचा प्रश्न येतो. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक लागत नाही,’ असे म्हणणारा वक्ता जवळजवळ प्रत्येक सत्रात भेटतो. त्याच्या आवाजाबद्दल शंका नसते. परंतु ज्यांना कमी ऐकू येते, जे श्रवणयंत्र वापरतात, त्यांना मागच्या रांगेत त्याचे शब्द कळत नाहीत आणि हात वर करून आपली अडचण जाहीर करणे त्यांना संकोचाचे वाटते. अशा वेळी सूत्रसंचालकाने हसतमुखाने, पण काहीही न ऐकता माइक त्याच्या हाती द्यावा लागतो. श्रोत्यांतून आलेला प्रश्न माइकवरून पुन्हा उच्चारणे, हाही याच कामाचा भाग होय. त्याचा आणखी एक लाभ असा, की तीन मिनिटांचा पाल्हाळिक प्रश्न पुन्हा सांगताना एका वाक्यात बसवता येतो.

सर्वांत अवघड काम म्हणजे बोलणाऱ्याला थांबवणे. पाच वक्त्यांत एक जण हमखास असा असतो, की जो प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सर्वांच्या आधी आणि सर्वांहून अधिक काळ देतो. तो वाईट असतो असे नाही. कित्येकदा त्याचेच बोलणे सर्वांत रंजक असते. पण टेबलाच्या टोकाला बसलेली, पहिले पुस्तक नुकतेच प्रसिद्ध झालेली लेखिका आपला शब्द मनात जुळवीत बसलेली असते आणि संमेलनाचे तिकीट काढून, सुटी घेऊन आलेली असते. ‘हा मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर यांचे मत ऐकू या’ असे म्हणून तिच्याकडे वळणे, पुढचा प्रश्न आरंभीच तिच्या नावाने विचारणे, हे मार्ग प्रचलित आहेत. ते न साधल्यास स्पष्ट शब्दांत थांबवावे लागते आणि तेथे अनेक सूत्रसंचालकांचे धैर्य गळते. विशेषतः बोलणारा ज्येष्ठ आणि नामांकित असला तर. नेमक्या याच ठिकाणी नाव होते वा जाते. सत्रानंतर ती नवी लेखिका दहा जणांना सांगते, आणि ते दहा जण पुढील वर्षीच्या समितीत असू शकतात.

श्रोत्यांपैकी कोणी उठून ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ अशी सुरुवात केली, की दालनात हलकी कुजबुज होते. हा अनुभव सार्वत्रिक असावा. आपल्याकडील व्याख्यानमालांतही त्याची उणीव नाही. काही सूत्रसंचालक प्रश्नोत्तरांच्या आधीच सांगून टाकतात, की प्रश्न एका वाक्याचा असावा आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे.

सूत्रसंचालकाच्या स्वतःच्या मताचे काय, याविषयी चाहत्यांत दोन पक्ष आहेत. त्याने पंच राहावे असे काही म्हणतात. तोही चाहताच आहे, त्याला बोलू द्यावे असे इतर म्हणतात. माझ्या मते त्याने बोलावे, पण सर्वांच्या शेवटी आणि सर्वांहून कमी. आपल्याच नव्या पुस्तकाच्या प्रती टेबलावर उभ्या करून तासभर त्यांच्याआडून सूत्रसंचालन करणारे पाहिले, की हा नियम कडक असावा असे वाटते.

कधी व्यासपीठावरून किंवा श्रोत्यांतून अपमानकारक उद्गार निघतो. बहुतेक संमेलनांनी आता लेखी आचारसंहिता केली असून तक्रारीसाठी वेगळे स्वयंसेवक नेमलेले असतात. परंतु तक्रार नंतरची. त्या क्षणी दालनात अधिकार असतो तो एकट्या सूत्रसंचालकाला. तो हसून पुढे गेला, तर ज्याला उद्देशून ते बोलले गेले त्याच्या लेखी सगळे दालनच हसलेले असते.

व्यक्तींप्रमाणे समित्यांनाही हा हिशोब चुकता करावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन होजे येथे झालेल्या वर्ल्डकॉनचा कार्यक्रम जुलैमध्ये जाहीर झाला, तेव्हा ह्युगोसाठी नामांकन मिळालेल्या काही नव्या लेखकांना एकाही सत्रात स्थान नसल्याचे उघड झाले. एका लेखकाच्या परिचयातील सर्वनामे बदलल्याचीही तक्रार झाली. अनेकांनी सहभाग मागे घेण्याची तयारी दाखवताच संमेलनाच्या अध्यक्षांनी क्षमा मागितली आणि लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांच्या साह्याने अवघ्या काही आठवड्यांत कार्यक्रमाची नव्याने जुळणी करण्यात आली.

सिएटल येथील २०२५ च्या वर्ल्डकॉनमधील वाद तर थेट नावलौकिकाशीच संबंधित होता. चर्चासत्रांत सहभागी होण्यासाठी तेराशेहून अधिक अर्ज आले होते. अर्जदारांच्या पूर्वेतिहासात काही आक्षेपार्ह आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांची नावे चॅटजीपीटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला देण्यात आल्याचे एप्रिल २०२५ अखेरीस आयोजकांनी जाहीर केले. अशा प्रणालींना आपल्या पुस्तकांवर विनापरवाना प्रशिक्षण दिल्याबद्दल अनेक लेखक आधीच संतप्त होते. त्यात एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत किंवा न घडलेली घटना घडली म्हणून सांगणे, हे अशा प्रणालींचे दोष सर्वांना ठाऊक होते. लेखक यून हा ली यांनी आपली कादंबरी पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली, तर ह्युगो पुरस्कारांचे काम पाहणाऱ्या तिघांनी मे महिन्यात राजीनामे दिले. आयोजकांनी क्षमा मागून ती छाननी नव्या स्वयंसेवकांकरवी पुन्हा करून घेण्याचे मान्य केले. तेराशे अर्ज पाहणाऱ्या विनावेतन माणसांची दमछाक समजण्यासारखी आहे. तरीही पंधरा वर्षे सत्रे चालवून मिळवलेल्या नावाचा निवाडा कोणाच्या आठवणीवर न होता यंत्राच्या उताऱ्यावर व्हावा, हे चाहत्यांना सहन झाले नाही.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात नावाबाबतची एक उलट गोष्ट नमूद आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, कारण आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लिखित कथेची अशी पारख नाव झाकून करता येते. सूत्रसंचालकाची तशी करता येत नाही. त्याच्या कामाची संहिता मागे उरत नाही, उरते ती उपस्थितांची आठवण.

भारतात पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे झाले आणि नंतर मुंबई, बंगळूर, हैदराबाद आदी शहरांतही ते भरू लागले. हे मेळावे व्यावसायिक स्वरूपाचे आहेत. परदेशांतील जुन्या संमेलनांप्रमाणे चाहत्यांनीच चाहत्यांसाठी चालवलेल्या चर्चासत्रांचे स्थान त्यांत गौण आहे. ज्या मराठी तरुणांना या कामाची आवड आहे, त्यांनी लहान मेळाव्यापासून, ग्रंथालयातील वाचकमंडळापासून किंवा परदेशांतील संमेलनांच्या ऑनलाइन सत्रांपासून आरंभ करावा. प्रथम दालनावर देखरेख ठेवणारा स्वयंसेवक व्हावे. मागच्या भिंतीशी उभे राहून ‘पाच मिनिटे उरली’ असा फलक दाखवताना दिवसाकाठी सहा सूत्रसंचालकांचे काम फुकटात पाहायला मिळते.

नवख्याला बहुधा शेवटच्या दिवशी सकाळचे सत्र दिले जाते. आदल्या रात्रीच्या जागरणामुळे त्या वेळी दालनात आठ-दहाच लोक असतात. त्या आठ जणांसाठी पूर्ण तयारीने यावे, शक्य तर त्यांना पुढच्या रांगेत बोलवावे. फलक दिसताच शेवटचा प्रश्न घ्यावा, वक्त्यांचे आभार त्यांच्या योग्य नावांनी मानावेत, टेबलावरचे पाण्याचे पेले बाजूला करावेत आणि नावाच्या पाट्या गोळा करून पुढच्या सत्राच्या मंडळींना जागा मोकळी करून द्यावी. गप्पा रंगल्याच असतील, तर त्या बाहेरच्या मार्गिकेत पुढे चालू ठेवता येतात.